बस, बसा, बास

मराठी घरांत कुत्र्याशी इंग्रजीत बोलतात. घरातली माणसे आपसांत मराठी बोलतात, भाजीवाल्याशी हिंदी, मुलांशी दोन्हींची सरमिसळ; पण कुत्र्याकडे तोंड वळले की 'सिट', 'स्टे', 'नो' आणि 'कम हिअर' सुरू होते. बँकेत दोन वाक्ये इंग्रजीत बोलायची वेळ आली तर ज्यांना घाम फुटतो असे गृहस्थही संध्याकाळी हातात पट्टा आला की तेवढ्या चार शब्दांपुरते साहेब होतात. ह्याला गुलामगिरीचा अवशेष म्हणून मोकळे होता येईल, आणि आमच्या पिढीला तशी सवयही आहे. परंतु लॅब्रॅडॉर जातीचा एक कुत्रा त्याच्या ऐन पौगंडावस्थेत डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर सांभाळल्यानंतर ह्या इंग्रजीचे कारण निराळे असावे असे आम्हांला वाटू लागले आहे.

मराठीत कुत्र्यासाठी शब्द नाहीत असे नाही. 'यू यू' म्हटले की गल्लीतले कुत्रे शेपूट हलवत येते, 'हाड' म्हटले की जाते, आणि 'छू' म्हटले की दुसऱ्याच्या अंगावर जाते. बोलावणे, हाकलणे आणि सोडणे. आपल्या समाजाला कुत्र्याकडून जे हवे होते ते ह्या तीन उद्गारांत आटोपत होते. बसायला सांगण्याचा प्रश्नच नव्हता, कारण कुत्रा दारात असे, आणि दारातल्याने बसावे की उभे राहावे ह्याची घराला फिकीर नसे. कुत्रा उंबरठ्याच्या आत आला, सोफ्यावर चढला, तेव्हा त्याला 'बस', 'ऊठ', 'थांब', 'सोड' असे सांगण्याची वेळ आली; आणि तो आत आला तो बहुधा इंग्रजी नावाच्या जातीचा, इंग्रजी पुस्तकासह आला. पु. ल. देशपांड्यांच्या 'पाळीव प्राणी' ह्या लेखाने मराठी वाचकाला कुत्रेवाल्यांच्या घराकडे पाहुण्याच्या, म्हणजे जीव मुठीत धरून बसलेल्या माणसाच्या नजरेने पाहायची सवय लावली. त्या घराच्या आतून, यजमानाच्या बाजूने, आपल्या साहित्यात फारसे कुणी बोललेले नाही.

आमच्याकडे पिल्लू आले ते जानेवारी २०२३ मध्ये, दोन महिन्यांचे, पिवळसर रंगाचे. अकरावीतल्या मुलीच्या हट्टाने आले. तिने नाव 'ऑस्कर' ठरवले होते. आई म्हणाली, "ते नाव माझ्या जिभेवर बसायचं नाही. खंड्या म्हणा." आमचे कुलदैवत जेजुरीचे, देवाचे नाव घेऊन कुत्र्यावर ओरडायचे कसे, अशी शंका आम्हीच काढली. त्यावर खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच, शिवाय खंड्या हे पाण्यावर सूर मारणाऱ्या पक्ष्याचेही नाव आहे, असा दुहेरी निवाडा आईने दिला. (ती कल्याणच्या एका शाळेत चौतीस वर्षे प्राथमिक शिक्षिका होती, तिचे निवाडे असे दुहेरीच असतात.) पाण्यावर सूर मारण्याचा भाग पुढे किती खरा ठरणार आहे ह्याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती.

पहिले पाच-सहा महिने सरळ गेले. पिल्लू जे सांगावे ते करी. मुलीने शिकवलेले सगळे इंग्रजी शब्द त्याला येऊ लागले होते आणि आलेल्यागेलेल्यापुढे त्याची परीक्षा होई. मग पावसाळा लागला, खंड्या आठ महिन्यांचा झाला, आणि एका आठवड्यात त्याला काहीही ऐकू येईनासे झाले.

हे आमच्याच घरी घडले असे नव्हे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या लुसी ॲशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधांच्या वाटाड्या होऊ घातलेल्या कुत्र्यांचा अभ्यास करून २०२० साली जे प्रसिद्ध केले ते असे की, पाच महिन्यांचे असताना 'बस' ही आज्ञा पाळणारे पिल्लू आठ महिन्यांचे झाल्यावर ती पाळेनासे होते. मात्र ती आज्ञा सांभाळणाऱ्या माणसाने दिली तरच. परक्याने दिली तर ते बसते. हे वाचून आम्हांला विलक्षण दिलासा मिळाला, कारण आमच्या इमारतीच्या रखवालदाराने खालून नुसते 'बैठ' म्हटले की खंड्या टेकत असे, आणि ज्यांनी त्याला रात्री-अपरात्री खाली नेले, त्याच्या लसींच्या तारखा दिनदर्शिकेवर लिहिल्या, त्या आमच्याकडे तो एखाद्या अनोळखी प्रवाशाकडे पाहावे तसा पाही. घरात सोळा वर्षांची मुलगी असल्यामुळे ही नजर आमच्या ओळखीची होती. दोघेही एकाच वेळी त्या वयात असल्याने संध्याकाळी सातच्या सुमारास घरात आमचे ऐकणारे कुणीही नसे.

इंग्रजी चालेना तेव्हा आम्ही आपसूक मराठीवर आलो. तिथून खरी गंमत सुरू झाली.

मराठीत एकवचनी आज्ञार्थ म्हणजे क्रियापदाचे सर्वांत उघडे रूप. धातूला काही लावायचे नाही: बस, ये, जा, थांब, सोड. लहान मुलाच्या तोंडी पहिली क्रियापदे येतात त्यांत हीच असतात. कुत्र्याला शिकवायला ह्याहून सोयीचे व्याकरण कोणते? परंतु हे उघडे रूप उघडे ठेवून वापरणारा मराठी माणूस दुर्मिळ. आम्ही 'बस' म्हणतच नाही. आम्ही म्हणतो, 'बस ना', 'बस की', 'बस रे बाबा', 'बसतोस का आता', 'बस म्हटलं ना', 'बस बरं शहाण्यासारखा'. ह्या प्रत्येकातल्या शेपटाला अर्थ आहे. 'ना'मध्ये अजीजी आहे, 'की'मध्ये वैताग, 'बरं'मध्ये लाडीगोडी. आज्ञा देता देता ती मागे घेण्याची ही कला आपल्या संसारात फार उपयोगी पडते. कुत्र्याला मात्र त्यातून एवढेच कळते की हा माणूस बराच वेळ बोलतो आहे.

शिवाय 'बस' हा शब्द घरात एकटा राहत नाही. आई जेवणात पुरे झाले की 'बास' म्हणते, मुलगी दूरध्वनीवर मैत्रिणीला 'बस चुकली' म्हणते, आम्ही एकमेकांना 'बस झालं' म्हणतो. आणि पाहुणे आले की सगळ्यांत मोठा घोटाळा होतो. 'बसा ना, बसा' असा आग्रह सुरू झाला की खंड्या पाहुण्याच्या आधी बसतो, आणि पाहुणे संकोचाने उभेच असले तर पुन्हा उठून पुन्हा बसतो. आदरार्थी अनेकवचन त्याला कळत नाही, पण उपरोधही कळत नाही. तो सोफ्यावर चढलेला पाहून आई एकदा संतापून म्हणाली, "या, या महाराज, बसा आता डोक्यावर." तो लगेच बसला आणि बक्षिसाच्या अपेक्षेने तिच्याकडे पाहू लागला.

'थांब'ची अवस्था तर फारच वाईट. आपल्या घरांत दिवसातून जितक्या वेळा 'थांब' म्हटले जाते तितक्या वेळा कुणीही थांबत नाही. दूध उतू जाताना थांब, कचरेवाला आला तर थांब, निघताना चष्मा सापडत नाही म्हणून थांब. तो शब्द उद्गार झाला आहे. खोट्या नाण्यासारखा तो फिरतो, कुणी मोजून घेत नाही. आठ महिन्यांच्या कुत्र्याचे वय हे नेमके नाणी वाजवून पाहण्याचे असते.

इंग्रजीचे रहस्य आम्हांला इथे उमगले. 'स्टे' ह्या शब्दाने आमच्या घरात कुणी कधी कुणाला अडवलेले नाही, कुणाची मनधरणी केलेली नाही. त्या शब्दाला आमच्या नात्यांचा वास नाही. मराठी माणूस कुत्र्याशी इंग्रजी बोलतो ते मोठेपणासाठी थोडे, आणि न वापरलेला शब्द हवा असतो म्हणून जास्त. पाटी कोरी असली की अक्षर नीट उमटते, एवढेच ते इंग्रजी.

कुत्र्याला भाषाभाषांतला फरक कळतो का, हा प्रश्न पोरकट वाटेल; पण बुडापेस्टच्या एत्व्हॉश लोरांद विद्यापीठात तो गांभीर्याने विचारला गेला. लॉरा क्वाया ह्या संशोधिका मेक्सिकोहून हंगेरीत आल्या तेव्हा त्यांचा कुत्राही बरोबर आला, आणि ज्याने आजवर फक्त स्पॅनिश ऐकली त्याला आता रस्त्यावरची हंगेरियन वेगळी वाटत असेल का, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी अठरा कुत्र्यांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात निश्चल पडून राहायला शिकवले आणि 'द लिटल प्रिन्स'मधले उतारे दोन्ही भाषांत ऐकवले. ऐकलेली आणि न ऐकलेली भाषा कुत्र्यांचे मेंदू वेगवेगळी ओळखतात असे दिसले, आणि वयस्क कुत्र्यांना ते अधिक जमते असेही. हा निबंध २०२२ चा. त्याच शहरातल्या आधीच्या, २०१६ च्या एका प्रयोगात दिसले होते की कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा सूर दोन्ही जुळले तरच कुत्र्याच्या मेंदूतली सुखाची केंद्रे जागी होतात. सूर एक आणि शब्द दुसरा असला तर नाही. म्हणजे 'बस रे बाबा'तले 'बस' आणि 'रे बाबा' ह्यांचे भांडण त्यालाही ऐकू येत असावे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना वाक्याचा अर्थ आणि वाक्याचा भाव ह्यांतले अंतर समजावून सांगताना वर्गात जी यातायात करावी लागते ती आठवून आम्हांला खंड्याचा थोडा हेवाच वाटला.

ह्या भाषिक चिंतनाला वेळ होता तो फक्त घरात. बाहेर प्रश्न अठ्ठावीस किलोंचा होता.

डोंबिवली पूर्वेत पहाटे साडेपाचपासून माणसे स्टेशनच्या दिशेने वाहू लागतात. डबा, छत्री, पाठीवरची पिशवी, डोळ्यांत अर्धी झोप आणि मनात लोकलची वेळ. लॅब्रॅडॉरच्या समजुतीप्रमाणे ही सगळी माणसे त्यालाच भेटायला निघालेली असतात. म्हणून आम्ही प्रवाहाच्या उलट, घरडा सर्कलच्या बाजूला, क्रीडा संकुलाच्या दिशेने त्याला न्यायला लागलो. तरी वाटेत माणसे समोरून येतच. पांढऱ्या शर्टावर चिखलाचे दोन पंजे उमटलेला माणूस सहा वाजून गेलेल्या घड्याळाकडे पाहत आपल्याला काय म्हणतो, हे इथे लिहिण्याजोगे नाही.

जिन्यातली कथा आणखी वेगळी. आमच्या इमारतीला उद्वाहन नाही आणि प्रत्येक दाराबाहेर चपलांचे कपाट आहे. लॅब्रॅडॉर ही जात लॅब्रॅडॉरमधली नाही, त्याच्या शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरची. तिथल्या कोळ्यांची काळी, आखूड केसांची कुत्री थंड समुद्रात उड्या टाकून जाळ्यांचे दोर आणि सुटलेले मासे ओढून आणत. एकोणिसाव्या शतकात ती इंग्लंडात गेली, तिथल्या सरदारांनी त्यांना पाडलेले पक्षी दात न लावता उचलून आणायला पारखून वाढवले, आणि १९०३ मध्ये केनेल क्लबने त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. तोंडात धरलेली वस्तू न चिरडता आणून देणे हे त्यांचे कुलशील. ते कुलशील डोंबिवलीच्या जिन्यात प्रकट झाले म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची उजवी कोल्हापुरी तळमजल्यावर आणि तळमजल्यावरची डावी स्लीपर आमच्या दारात सापडे. एकही चप्पल फाटली नाही. एकही जोडी पूर्ण राहिली नाही. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यावर ज्याला गुण म्हणतात त्याला सोसायटीच्या तक्रारवहीत चोरी म्हणतात.

खाण्याविषयी थोडक्यात. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळले की सुमारे पाव लॅब्रॅडॉरांत 'पीओएमसी' नावाच्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे भूक हटकत नाही. मदतनीस म्हणून शिकवलेल्या कुत्र्यांत हे प्रमाण तीन चतुर्थांशांच्या आसपास भरले. म्हणजे ज्याचे पोट भरत नाही तो लवकर शिकतो, कारण बक्षिसावर त्याचा जीव असतो. आईच्या स्वयंपाकघरात अंडे येत नसल्यामुळे आमचे सारे शिक्षण गाजराच्या तुकड्यांवर झाले. त्या वर्षीच्या गणपतीत एकवीस मोदकांपैकी सात मोदकांवर झाले ते वेगळे.

शिकवायला एक गृहस्थ कल्याणहून दुचाकीवर येत. पोलिसांच्या श्वानपथकात नोकरी करून निवृत्त झालेले, बोलायला कमी. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हांला खंड्याला बसवायला सांगितले, आमचे 'बस ना रे, बस बरं' पाच वेळा ऐकून घेतले आणि विचारले, "विनंती करताय की भांडताय?" मग त्यांनी एकदाच, साध्या आवाजात 'बस' म्हटले आणि वाट पाहिली. ही वाट पाहणे फार कठीण असते. चार सेकंद, पाच सेकंद. आपली जीभ वळवळते. खंड्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, जांभई दिली, आणि बसला.

मारण्याचा विषय त्यांनी स्वतःहून काढला. पूर्वी साखळीला झटका देऊन शिकवत, ते म्हणाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन पोलिसांच्या कुत्र्यांसाठी कोनराड मोस्ट ह्यांनी १९१० साली लिहिलेल्या पुस्तकापासून ती परंपरा सांगतात. पुढे 'लांडग्यांच्या कळपात एक दादा असतो, तुम्ही त्याचे दादा व्हा' हा सल्ला आला. ज्या डेव्हिड मेक ह्यांच्या १९७० च्या पुस्तकाने ही कल्पना घरोघरी नेली त्यांनीच १९९९ मध्ये लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरे, त्यात दादागिरीची लढाई शोधू नये. तरीही आमच्या इमारतीत दादा होण्याचा सल्ला आम्हांला किमान चौघांनी दिला. त्यांतल्या तिघांचे घरात कुणी ऐकत नाही. आम्हांला अशा वेळी महाभारताची सुरुवात आठवे. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञाजागी एक कुत्र्याचे पिल्लू येते, राजाचे भाऊ त्याला मारतात, ते रडत आईकडे जाते. सरमा येऊन विचारते: ह्याने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, ते चाटले नाही, मग ह्याला का मारले? भावांजवळ उत्तर नसते. शाप तिथे येतो, आणि तो असा की ध्यानीमनी नसताना तुमच्यावर भय कोसळेल. एवढा मोठा ग्रंथ, आणि त्याच्या तोंडाशीच कुत्रीने विचारलेला न्यायाचा प्रश्न. चप्पल पळवल्यावर वीस मिनिटांनी फटका खाणाऱ्या कुत्र्याला त्या फटक्याचा चपलेशी संबंध लावता येत नसतो. त्याच्या दृष्टीने तो यज्ञमंडपातून चाललेला असतो.

ह्याच शिक्षकांनी जंजीरचे नाव काढले. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला हा लॅब्रॅडॉर जानेवारी १९९२ चा. पुण्याला शिकून डिसेंबर १९९२ मध्ये कामावर आला, आणि मार्च १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबईत, तसेच मुंब्रा आणि ठाणे इथेही त्याच्या नाकाने स्फोटके शोधली. ३,३२९ किलो आरडीएक्स त्याच्या नावावर नोंदलेले आहे. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने तो गेला तेव्हा त्याला सन्मानाने निरोप दिला गेला. हे ठाऊक असणारे बरेच आहेत. शिक्षकांनी बोटांवर हिशेब करून दाखवला तो आम्ही कधी केला नव्हता: स्फोटांच्या वेळी जंजीर चौदा महिन्यांचा होता. "हेच वय," ते खंड्याकडे हात करून म्हणाले. खंड्याच्या तोंडात त्या वेळी शिक्षकांचे हेल्मेट होते. पथकात कुत्र्याला शोधणे हा खेळ म्हणूनच शिकवतात, वास सापडला की चेंडू मिळतो. ज्याची खेळायची हौस भागत नाही तोच निवडतात. ज्या अंगच्या उच्छादाला आम्ही वैतागलो होतो त्याच उच्छादाला तिथे पगार होता.

सप्टेंबरात ते घडले. दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर मांजर होते, पट्टा मुलीच्या हातात होता, आणि शेजारच्या काकू दुधाच्या पिशव्या घेऊन वर येत होत्या. खंड्या त्यांच्या अंगावर गेला नाही; तो मांजरावर गेला, काकू मध्ये होत्या. त्या तीन पायऱ्या खाली गेल्या आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांचे पैसे आम्ही दिले, त्यांची पोळ्यांची बाई लावून दिली, आणि हे सगळे करताना काकूंनी आमच्याशी एक शब्दही वाकडा काढला नाही, त्याने आम्ही अधिकच खाली पाहू लागलो.

समितीचे पत्र आले. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे; त्याची प्रत मुलीने छापून आणली होती. आम्ही ती सभेत काढली नाही. गळ्यात झोळी अडकवून त्यात हात ठेवलेली बाई समोर बसली असताना तो कागद पिशवीतून बाहेर येईना. सभेत कुणी कडाडून बोलले नाही. सगळ्यांनी एकच सुचवले, 'शेतावर पाठवा.' मुरबाडला कुणाच्या तरी मेव्हण्याचे शेत आहे, तिथे मोकळा राहील. डोंबिवली-कल्याण-ठाण्याच्या पट्ट्यात वर्षाच्या आतबाहेरचे मोठ्या जातीचे कुत्रे शेतावर जाते, आणि त्या शेताला नंतर कुणी भेट देत नाही. कितीतरी घरांतल्या भिंतींवर पिल्लाचे फोटो आहेत आणि कुत्र्याचे नाहीत.

घरात मत घेतले. मुलगी बोललीच नाही, खोलीत गेली. आणि आई म्हणाली, "पाठवा."

हे ऐकून आम्ही चकित झालो, कारण घरात खंड्या ज्या एका माणसाचे ऐके ते माणूस आई होते. शिक्षक यायच्या कितीतरी आधीपासून. ती त्याला एकदाच सांगे. 'खंड्या, सरक.' शेपूट नाही, विनवणी नाही, आवाज चढवणे नाही. आणि सांगून झाल्यावर ती आपल्या कामाला लागे, जणू तो सरकलाच आहे. तो सरके. चाळीस-चाळीस पोरांच्या वर्गापुढे आयुष्य काढलेल्या बाईंचा तो आज्ञार्थ होता, अगदी व्याकरणातल्यासारखा उघडा. आम्ही म्हटले, तुझे तर तो सगळे ऐकतो. तिचे उत्तर आम्ही जसेच्या तसे देतो: "ऐकतो म्हणून ठेवायचा, नाही ऐकला की घालवायचा, असं असतं का? माझं ऐकतो ह्याच्याशी काकूंच्या हाताचा काय संबंध? वर्गातली ऐकणारी पोरं माझी आणि न ऐकणारी दुसऱ्याची, असं मी कधी म्हटलं नाही. पण पोरगं दुसऱ्याला लागलं तर मी त्याला बाकावरून उठवलं." ह्यावर आम्हांला काही सुचले नाही. तिचे बोलणे एका वेळी त्याला ठेवण्याच्या आणि पाठवण्याच्या दोन्ही बाजूंचे होते. पुन्हा दुहेरी निवाडा.

मुरबाडला दूरध्वनी करायचा तो रविवार दसऱ्यावर गेला, दसऱ्याचा दिवाळीवर. कुणी ठरवून पुढे ढकलला नाही. दरम्यान शिक्षकांनी जिना हाच वर्ग केला. वळणावळणावर थांबायचे, कोपऱ्यात बसायचे, वर येणारा माणूस जाईपर्यंत हलायचे नाही. शंभरदा, दोनशेदा. घरात सगळ्यांवर एक बंदी आली: खंड्या जवळ असताना 'थांब' हा शब्द दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरायचा नाही. दूध उतू जाऊ लागले तर 'अगं दूध' म्हणायचे. एका शब्दाला कामावरून सुटी देणे किती अवघड असते ते करून पाहावे. पहिल्या आठवड्यात आमच्या घरात विचित्र शांतता होती आणि दोनदा दूध सांडले.

'थांब'ची खरी परीक्षा ठाण्यात झाली. आमची बहीण उपवनजवळ राहते. डिसेंबरात खंड्याला तिथे नेले तेव्हा तो तेरा महिन्यांचा होता आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा बादलीपेक्षा मोठे पाणी पाहिले. तळ्याच्या काठावर त्याचे सगळे अंग ताठ झाले, नाक थरथरू लागले, घशातून एक बारीक आवाज यायला लागला जो आम्ही पूर्वी ऐकला नव्हता. दोनशे वर्षांपूर्वीचा थंड समुद्र त्याला हाका मारत होता म्हणावे तर आम्हांलाच हसू येईल; पण बोटांच्या मधले पडदे आणि वल्ह्यासारखे जाड शेपूट ज्यासाठी होते ते समोर होते, हे खरे. तलावांचे शहर म्हणवणाऱ्या गावात कुत्र्याने उतरावे असे पाणी मात्र नव्हते. आम्ही म्हटले, "थांब." एकदाच. पट्टा सैल होता, शिक्षकांनी तसा धरायला शिकवला होता. तो थांबला. बसला नाही, मागे फिरला नाही, रडायचाही थांबला नाही. पाण्याकडे पाहत, थरथरत उभा राहिला. मागे येऊरचे डोंगर काळे पडू लागले होते. तिथे बिबटे आहेत म्हणून अंधार पडताना कुत्रेवाली माणसे परतू लागतात, तशी परतू लागली होती. आम्हांला त्याने आज्ञा पाळल्याचा जो आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही. ज्याच्यासाठी तो घडला होता त्याच्यापासून आम्ही त्याला एका शब्दाने अडवले होते, आणि तो शब्द आता खणखणीत वाजत होता.

आता खंड्या तीन वर्षांचा आहे, चौतीस किलोंचा. चपला नेणे बंद झाले आहे. 'बसा'वर बसणे बंद झालेले नाही. मुलगी पुण्याला शिकायला गेली. सुटीत आली की त्याच्याशी इंग्रजी बोलते, आणि तो जुन्या ओळखीने ते ऐकतो. आई त्याला रात्री भाकरीचा शेवटचा चतकोर देते आणि मुरबाडचे नाव काढत नाही, पण आपले मत बदलले असेही तिने कधी म्हटलेले नाही.

काकूंच्या मनगटाला पावसाळ्यात अजून कळ येते. तेव्हापासून त्या वर येताना तळमजल्यावरून हाक देतात, "बांधलंय का?" आम्ही वरून "हो" म्हणेपर्यंत पायरीला पाय लावत नाहीत. ही हाक खंड्याला उद्देशून नाही, ती आज्ञार्थीही नाही, आणि ती त्याला आम्ही किंवा शिक्षकांनी शिकवलेली नाही. ती ऐकली की जिन्यात असेल तिथून तो उठतो, वळणाच्या कोपऱ्यात जातो आणि भिंतीला पाठ लावून बसतो. काकू कठड्याच्या बाजूने, त्याच्याकडे न पाहता, वर जातात.